नावं ठेवणारी

मी काचा धुवायचो.
तिबिलिसीच्या स्टुडिओत, तळमजल्यावर,
हिवाळ्यात जिथं नळाच्या तोंडाला बर्फाच्या सुया फुटायच्या.
पेपेला गाबुनिया काचेवर पांढऱ्या रंगानं नावं लिहायची,
कॅमेरा ती गिळायचा,
मग काच माझ्याकडे.
दिग्दर्शक, नट, शिंपी, घोडेवाला
सगळे एकाच मोरीतून वाहून जायचे.

तेहेतीस अक्षरं त्या लिपीत.
एकाच्याही डोक्यावर रेघ नाही.
द्राक्षाच्या वेलीला सुटतात तसे आकडे नुसते.
"मांडव नसला की वेल लोळते," ती म्हणायची.
"पडदा म्हणजे मांडव. चढू दे."
तिच्याआधी नावं म्हणजे
टोपी काढून खुर्ची शोधायची वेळ.

एकोणसाठ साली एका भटारखान्यावरचा सिनेमा आला.
तिनं कणकेची अक्षरं वळली,
रस्त्यापलीकडच्या शाल्वाच्या भट्टीत
आतून भिंतीला थापली
आणि कॅमेरा भट्टीच्या तोंडाशी धरला.
नावं फुगली. तांबूस झाली.
संगीतकाराचं आडनाव एका कडेनं करपलं,
तो महिनाभर बोलला नाही.
साहेब म्हणाले, वाचता येत नाहीत.
ती म्हणाली, भूक लागली की येतील.

नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली.
पण दारावरचा शाक्रो त्या आठवड्यापासून
दिवे गेले की दाराला पाठ लावून उभा राहू लागला:
"थांबा, आत नावं चाललीत."
जणू आत कुणाचं बारसं होतं.

पुढं तिनं खिडकीवरच्या वाफेत बोटानं लिहिलं.
अंगणात मक्याच्या दाण्यांची नावं मांडून कोंबड्या सोडल्या
(साहेबांचं नाव आधी टिपलं गेलं).
मॉस्कोहून एकजण वही घेऊन आला,
चार दिवस बसला,
युक्ती काय ते कळलं नाही म्हणत परत गेला.
युक्ती नव्हतीच.
लिहिण्याआधी ती त्या माणसाला भेटून यायची.
लाइटवाला गिगो उजव्या पायानं लंगडायचा,
त्याचं नावही उजवीकडं जरा कलायचं.

अडुसष्टच्या मार्चमध्ये वरून कागद आला:
छायालेखक एल्गुजा त्सुलाद्झे, नाव काढा.
कारण लिहिलेलं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.
तिनं काच मला दिली. मी धुतली.
ओलीच परत मागितली तिनं,
होती त्या जागी बसवली
आणि कॅमेरा चालू केला.
एक. दोन. तीन. चार.

कोऱ्या जागेवर काट कशी मारणार?
पहिल्या खेळाला कुणीतरी खोकलं.
तिसऱ्या आठवड्यात त्या चार सेकंदांना
लोक उभे राहत होते.
शेवटच्या रांगेत एल्गुजाची बायको,
ती मात्र बसून.

मग वीज गेली,
तासा-दोन तासांसाठी नव्हे, वर्षंच्या वर्षं.
स्टुडिओतल्या खुर्च्या लोकांनी जाळायला नेल्या.
पहाटे चारपासून पावाची रांग,
आणि रांगेची यादी लिहायला पेपेला,
मेणबत्तीशी, जुन्या पोस्टरांच्या पाठीवर.
पाव संपल्यावरही माणसं रेंगाळायची,
आपलं नाव एकदा वाचून मगच घरी.

त्या याद्या नुत्सा नावाच्या एका मुलीला सापडल्या.
तिनं त्यांचा फॉन्ट केला.
आता ती अक्षरं औषधांच्या दुकानांवर, बसवर,
पोरांच्या फोनात.

परवा केस कापताना
न्हाव्याच्या काचेवर तिचं ते पोटात वळलेलं अक्षर दिसलं.
विचारलं, हे वळण कुणाचं?
"कुणाचं म्हणजे?" तो म्हणाला,
"हे अक्षर असंच असतं."

काचेवर धूळ होती.
मी फडकं मागितलं,
आणि अक्षराच्या कडेकडेनं
तेवढी पुसली.